होडीचे यंत्र आणि न भरणारी बॅटरी

श्रोतेहो, एक प्रसंग डोळ्यांपुढे आणा. अमेरिकेतले एखादे तळे आहे. सकाळपासून होडी पाण्यावर हिंडते आहे. मागच्या फळीला टांगलेले जुने यंत्र, ज्याला आउटबोर्ड म्हणतात ते, कुरकूर न करता चालले आहे. दुपारी गळ टाकून बसण्यासाठी मालकाने ते बंद केले. संध्याकाळी परतायला म्हणून बटण दाबले, तर नुसते 'टक्'! अंधार पडू लागलेला, काठ दूर. मालक म्हणतो, बॅटरीने दगा दिला. नवी बॅटरी येते आणि आठ दिवसांनी तीही तशीच मान टाकते. त्या बिचारीचा यात बहुधा काही दोष नसतो. दोष असतो तो तिला भरणाऱ्या व्यवस्थेत. मग तो दिवसभर कळला कसा नाही? याचे उत्तर या यंत्राच्या इतिहासात आहे.

गंमत अशी, की पहिले टांगते यंत्र विजेचेच होते. १८८१ साली पॅरिसमध्ये गुस्ताव त्रूव्हे याने होडीच्या सुकाणूला विजेची मोटर जोडली आणि सीन नदीवर होडी चालवून दाखवली. त्याच्या बॅटऱ्या रासायनिक द्रव्यावर चालत. द्रव्य संपले की नवे घालायचे. ते खर्चाचे काम होते, म्हणून पुढचा मान पेट्रोलच्या यंत्राने पटकावला. नॉर्वेत जन्मलेला आणि लहानपणीच अमेरिकेत आलेला ओले एव्हिनरूड याने १९०९ च्या सुमारास मिलवॉकी शहरात असे यंत्र विकायला काढले. भर उन्हाळ्यात वल्ही मारत आइस्क्रीम आणताना ते वितळले आणि त्यातून त्याला ही कल्पना सुचली, अशी कथा सांगतात. खरी असो वा नसो, गोड आहे!

त्या पहिल्या यंत्रांत ठिणगीसाठी कोरड्या बॅटऱ्यांची पेटी होडीत ठेवावी लागे. पाणी आणि वीज यांचे सख्य किती, ते तुम्ही जाणताच. पेटी भिजली की प्रवास संपला. यावर तोड निघाली ती मॅग्नेटोची. १८३१ साली फॅरडेने दाखवून दिले होते, की तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हलवला की तारेत वीज उत्पन्न होते. यंत्राच्या डोक्यावर जड फ्लायव्हील फिरतच असते. त्याच्या आत चुंबक बसवले, खाली वेटोळे ठेवले आणि यंत्र आपली ठिणगी आपणच पाडू लागले. चाकाला एक मूठ असे. ती धरून झटका द्यायचा, किंवा चाकाला दोरी गुंडाळून ओढायची. बॅटरीच नाही, तर ती भरण्याची काळजी कशाला?

पण यंत्रे मोठी झाली, तसे दोरी ओढणारे खांदे थकू लागले. मोटारगाडीसारखे बटण हवे, असे गिऱ्हाइकाला वाटू लागले. १९५४ साली एव्हिनरूडच्या २५ अश्वशक्तीच्या यंत्राला विजेचा स्टार्टर मिळाला. १९५८ साली चार सिलिंडरांचे ५० अश्वशक्तीचे यंत्र आले. स्टार्टर आला म्हणजे बॅटरी आली, आणि बॅटरी आली म्हणजे ती भरणारे जनित्र आले. आरंभी हे जनित्र म्हणजे पट्ट्याने फिरणारा डायनामो होता. त्यात कार्बनचे ब्रश, तांब्याचा कॉम्युटेटर आणि जोडीला रेग्युलेटरची डबी. यंत्र मंद झाले, की बॅटरीतली वीज उलट डायनामोत शिरू नये म्हणून डबीतला कट-आउट मार्ग तोडी. ही व्यवस्था प्रामाणिक खरी, पण मंद गतीला तिच्यातून फारसे काही निघत नसे. मासे धरणारा तर तासन् तास मंदच चालतो. शिवाय ब्रश झिजत, पट्टा सैल पडे.

१९६० नंतरच्या काही वर्षांत सिलिकॉनचे डायोड हाताशी आले आणि डायनामो मागे पडला. पुन्हा त्याच फ्लायव्हीलखाली आणखी काही वेटोळी बसवली. त्यांतून निघणारी उलटसुलट वीज रेक्टिफायर नावाच्या लहानशा ठोकळ्यातून एका दिशेची होऊन बॅटरीत जाते. हाच आल्टर्नेटर. पुष्कळ यंत्रांना रेग्युलेटर नव्हताच. जास्तीचा प्रवाह बॅटरीनेच सोसायचा. म्हणून यंत्र चालू असताना बॅटरीची तार काढली, तर व्होल्ट एकदम चढतात आणि डायोड जळतात. तारा उलट्या जोडल्या, तर क्षणभरही लागत नाही.

आता आपल्या कोड्याकडे वळू. ठिणगीची वेटोळी वेगळी, भरण्याची वेगळी. मॅग्नेटोवर चालणाऱ्या यंत्राला बॅटरी मेली तरी पत्ता नसतो. ते सुखाने धावत राहते आणि बंद केल्यावर मगच भांडे फुटते. ज्या सोयीने होडीवाल्याला निर्धास्त केले, तिनेच हा दोष झाकून ठेवला.

म्हणून शोध सुरू करावा तो बॅटरीच्या टोकांपासून. यंत्र बंद असता भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. यंत्र मध्यम गतीने चालवल्यावर आकडा १३.५ च्या वर चढला पाहिजे. हलला नाही, तर भरणा होत नाही, हे नक्की. अशा वेळी घाईने महाग सुटे भाग आणू नयेत. आधी फ्यूज पाहावा, हिरवे किटण चढलेली तारेची टोके घासावीत. खाऱ्या पाण्यात निम्मे दोष येथेच सापडतात. मग बॅटरी सोडवून ओहममापकाने रेक्टिफायर तपासावा. डायोडने एका बाजूने वाट द्यावी, दुसरीने नाकारावी. दोन्हीकडून दिली किंवा दोन्हीकडून नाकारली, तर तो गेला. शेवटी वेटोळी: त्यांचे सूत्र अखंड हवे आणि यंत्राच्या अंगाशी त्यांचा स्पर्श नको. फार जुन्या चाकात चिकटवलेले चुंबकही सुटलेले आढळतात. त्यासाठी चाक उतरवावे लागते, म्हणून ते सर्वांत शेवटी.

एक सूचक मात्र बसल्या जागी मिळतो. आल्टर्नेटर असलेल्या बऱ्याच यंत्रांत फेरे मोजणारा काटा याच वेटोळ्यांच्या विजेवर हलतो. यंत्र जोरात चालले आहे आणि काटा शून्यावर पडून आहे, असे दिसले तर काटा बिघडला म्हणून हसू नका. यंत्र बंद करण्यापूर्वी काठाला लागा. आणि बंद केलेच असेल, तर वरचे झाकण काढून पाहा. त्या काळच्या बऱ्याच फ्लायव्हीलना दोरीची गाठ अडकवायची खाच ठेवलेली असे.