छर्र्यांवर फिरणारा स्क्रू

माझे चाचा कोल्हापुरात लेथवर टर्नर होते. क्रॉस स्लाइडचं हँडल उलटं फिरवलं की थोडा वेळ काहीच हलायचं नाही. ते म्हणायचे, "स्क्रूला प्ले आहे बेटा. माप नेहमी एकाच बाजूने येऊन घ्यायचं."

घरी लाकूडकामासाठी छोटं सीएनसी यंत्र बांधायला घेतलं, तेव्हा हे आठवलं. संगणकाला चाचांचा हात नाही. सॉफ्टवेअरमधून प्लेची भरपाई करता येते म्हणा, पण कटरनेच टेबल ओढलं तर ती कुठे पुरणार?

1800च्या सुमारास लंडनमध्ये हेन्री मॉड्सलेने लेथवर अचूक आटे पाडायला सुरुवात केली. पण आटा नटावर घासतोच, आणि फिरायला जागा हवी म्हणून फटही राहते. आटा आणि नट यांच्यामध्ये छर्रे घालायच्या कल्पनेला 1898 मध्ये अमेरिकेत स्टीव्हन्सन आणि ग्लेन यांनी वेगवेगळी पेटंटं घेतली. तिचा मोठा वापर मात्र 1940च्या आसपास जनरल मोटर्सच्या मोटारींच्या स्टिअरिंगमध्ये झाला. यंत्राआधी मोटारवाल्याचे हात हलके झाले! 1952 मध्ये एमआयटीत आकड्यांवर चालणारं मिलिंग यंत्र दाखवलं गेलं. चाक फिरवणारा कारागीर गेला आणि पुढे अशा यंत्रांसाठी बॉलस्क्रू जवळपास अपरिहार्य झाला.

मी 1605 घेतला: 16 मिलिमीटर व्यास, एका फेरीत 5 मिलिमीटर चाल. रोल केलेल्या सी7 दर्जात 300 मिलिमीटरमागे 50 मायक्रॉनची चूक चालते, ग्राइंड केलेल्या सी5मध्ये 18. लाकडासाठी सी5वर पैसे घालणं मला उधळपट्टी वाटते. त्यापेक्षा टोकांची बेअरिंगं चांगली घ्यावीत.

चूक केली ती उभ्या अक्षावर. तिथेही बॉलस्क्रूच लावला. एका संध्याकाळी वीज गेली आणि स्पिंडल आपल्या वजनाने घरंगळत खाली आला. कटर मोडला, फळीला भोक पडलं. बॉलस्क्रूत सुमारे 90 टक्के ताकद कामी येते. साध्या स्क्रूत बरेचदा निम्मीही नाही. पण ज्या घर्षणाला मी नावं ठेवत होतो, तेच वजन धरून ठेवतं, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

ब्रेकवाली मोटर महाग होती. उभ्या अक्षावर आता साधा ट्रॅपिझॉइडल स्क्रू आहे. प्ले आहेच, पण स्पिंडलचं वजन नटाला कायम एकाच बाजूला दाबून ठेवतं.