सॅलरी स्लिपमधले 200 रुपये

महाराष्ट्रात नोकरी करत असाल आणि पगार ठरावीक मर्यादेच्या वर असेल, तर मोबाईलवर आलेली सॅलरी स्लिप जरा नीट बघा. पीएफच्या आसपास ‘पीटी’ अशी एक ओळ असते. दरमहा 200 रुपये, फेब्रुवारीत 300, वर्षाचे 2,500. पीटी म्हणजे प्रोफेशनल टॅक्स, आपल्या भाषेत व्यवसाय कर. रक्कम एवढी किरकोळ की ती कशासाठी कापली जाते हे कुणी विचारत नाही. या ओळीचं मूळ बहात्तरच्या दुष्काळात आहे.

1970 नंतर पाऊस सलग दगा देत होता. 1972-73 मध्ये तर कळस झाला. मराठवाडा, सोलापूर, नगर भागांत पिकं करपली, जनावरं कवडीमोलानं विकली गेली. वसंतराव नाईकांच्या सरकारनं जागोजागी दुष्काळी कामं काढली : रस्ते, पाझर तलाव, नालाबांध, खडी फोडणं. मे 1973 मध्ये या कामांवर जवळजवळ 50 लाख माणसं होती. राज्याची लोकसंख्या तेव्हा पाच कोटींच्या घरात होती. म्हणजे लहानथोर मिळून दहातलं एक माणूस सरकारी कामावर. त्यात भूमिहीन मजूर होते, तसेच ज्यांच्या नावावर सात-बारा होता असे शेतकरीही होते. घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. अमेरिकेहून आलेल्या लाल मिलोच्या भाकरीची चव अनेकांना अजून आठवते.

दुष्काळी कामं काही नवी नव्हती. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकातच त्यासाठी नियमावली केली होती. तिच्यात दुष्काळ जाहीर करणार सरकार, काम काढणार सरकार आणि पाऊस पडला की बंद करणारही सरकार. मजुराच्या हातात काही नव्हतं. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेनं कलम 41 मध्ये कामाच्या हक्काचा उल्लेख केला, पण मार्गदर्शक तत्त्वांमध्ये. त्यासाठी कोर्टात जाता येत नव्हतं.

वि. स. पागे यांचं मोठेपण इथे आहे. ते विधान परिषदेचे सभापती होते, सांगली जिल्ह्यातले. गावात जो काम मागेल त्याला सरकारनं काम द्यावं, ही कल्पना त्यांनी साठच्या दशकातच मांडली होती आणि तासगाव तालुक्यात ती करूनही पाहिली होती. दुष्काळानं ती राज्यभर नेली. दुष्काळ ओसरल्यावर कामं गुंडाळली गेली असती, तर ती नेहमीसारखी मदत ठरली असती. तसं झालं नाही. 1977 मध्ये विधिमंडळानं रोजगार हमीचा कायदा मंजूर केला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. काम मागितल्यावर 15 दिवसांत ते मिळालं नाही, तर बेकारी भत्ता. बाईला आणि पुरुषाला एकच दर. दिवसांची मर्यादा नाही.

पण पैसा कुणाचा? इथे तुमची सॅलरी स्लिप येते. 1975 मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला. शहरातल्या नोकरदार-व्यावसायिकांकडून हा कर घ्यायचा, त्याला वाहनांवरचा, बागायती जमिनीवरचा असे इतर कर जोडायचे आणि सरकारनं तेवढीच भर घालून रोजगार हमी निधी उभारायचा, अशी रचना ठरली. त्या काळी महागाईनं शहरंही होरपळत होती. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकरांच्या मागे मुंबईत बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरत होत्या. तरीही शहरानं गावातल्या मजुरीचा भार उचलायचा, हे कायद्यात बसलं. गावातल्या मोठ्या शेतकऱ्यालाही यात फायदा होता, कारण तलाव आणि रस्ते शेवटी त्याच्याच शिवारात होणार होते. परोपकाराइतकाच हा व्यवहारही होता, म्हणून तो टिकला.

कागदावरचा हक्क प्रत्यक्षात मिळवणं वेगळंच. नवं काम सुरू व्हायला किमान 50 मजूर लागत. एकटीदुकटी बाई अर्ज घेऊन गेली तर तिला परत पाठवणं सोपं होतं. भत्ता क्वचितच कुणाच्या हाती पडला. मजुरी कामाच्या मापावर, आणि माप घेणारा सरकारचा. कठीण मुरूम दिवसभर खणूनही हातात पडणारे पैसे थोडेच. म्हणून जिथे शेतमजुरांच्या संघटना होत्या, मोर्चे निघत, तहसीलदाराला घेराव पडत, तिथे कायदा जिवंत राहिला. एरवी तो फायलीत झोपला.

पुढे निधीची दिशाही बदलली. 1990 पासून रोजगार हमीतून फळबागांना अनुदान सुरू झालं. डाळिंब, बोर, आंब्याच्या बागा उभ्या राहिल्या, हे खरंच. पण बाग लावायला जमीन लागते, आणि ही योजना मुळात ज्यांच्याकडे दोन हातांशिवाय काही नाही त्यांच्यासाठी होती. नव्वदच्या दशकात मजुरांची कामं रोडावली, कराची वसुली मात्र वाढत गेली.

2005 मध्ये देशाचा रोजगार हमी कायदा झाला, तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव समोर होता. त्यात एका कुटुंबाला वर्षात 100 दिवसांची हमी होती आणि अकुशल मजुरीचा खर्च केंद्राकडे गेला. महाराष्ट्रातला व्यवसाय कर तसाच राहिला. फक्त तो कशासाठी सुरू झाला, हे देणाऱ्यांच्या आठवणीतून गेलं.

हक्क टिकायचा तर मागणारा लागतो, हे दुष्काळातल्या मजुरांनी दाखवलं. देणाऱ्यानंही हिशेब मागायचा असतो. विधिमंडळात दर वर्षी अर्थसंकल्प मांडला जातो आणि तो ऑनलाईन वाचता येतो. व्यवसाय कराचे किती जमले आणि त्यातले कामाच्या हमीवर किती खर्च झाले, हे विचारण्याचा अधिकार दरमहा 200 रुपये देणाऱ्या प्रत्येकाला आहे.