टी ट्री तेल: पाल्यापासून मात्रेपर्यंत

ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्याच्या उत्तर भागात, क्लॅरेन्स आणि रिचमंड या नद्यांच्या खोऱ्यांत पाणी धरून ठेवणारी सखल जमीन आहे. बंगावाल्बिन ओढ्याचा परिसर त्यातलाच. इथे कागदासारखी सोलून निघणारी साल, सुईसारखी बारीक पानं आणि पांढरी झुबकेदार फुलं असलेलं एक बेताच्या उंचीचं झाड वाढतं. पान चुरगळलं की कापरासारखा उग्र वास येतो. मेलाल्युका अल्टर्निफोलिया हे त्याचं शास्त्रीय नाव. जांभूळ, पेरू, लवंग आणि निलगिरी ही आपल्या ओळखीची झाडं त्याच्याच कुळातली. चहाच्या झाडाशी मात्र त्याचं काहीच नातं नाही. अठराव्या शतकात कॅप्टन कुकच्या खलाशांनी या कुळातल्या एका झुडपाचा पाला चहासारखा उकळून प्यायला, आणि पुढे ‘टी ट्री’ हे नाव त्या भागातल्या बऱ्याच झाडाझुडपांना चिकटलं.

या तेलाच्या इतिहासात पहिला मान त्या भूमीच्या मूळ रहिवाशांचा, बंडजालुंग लोकांचा. खोकला-पडसं झालं की ते हा पाला चुरगळून हुंगत. जखमेवर तो पसरत आणि वरून लेप बांधत. घसा दुखला किंवा कातडीला काही झालं तर पाला पाण्यात भिजवून ते पाणी वापरत. तेल वेगळं काढायची त्यांना गरज नव्हती. कोणत्या झाडाचा पाला, कशासाठी आणि कसा वापरायचा, हे ज्ञान पिढ्यानपिढ्या तोंडी चालत आलं होतं.

प्रयोगशाळेची दारं या झाडाला उघडली ती १९२०च्या दशकात. सिडनीच्या टेक्नॉलॉजिकल म्युझियममधले रसायनतज्ज्ञ आर्थर पेनफोल्ड ऑस्ट्रेलियातल्या सुगंधी वनस्पतींची तेलं तपासत होते. त्या काळी जंतुनाशकाची ताकद कार्बोलिक आम्लाशी ताडून पाहत. पेनफोल्ड यांच्या चाचण्यांत टी ट्री तेल कार्बोलिक आम्लाच्या अकरा पट प्रभावी ठरलं. कार्बोलिक आम्ल कातडी भाजून काढतं. त्या मानानं हे तेल सौम्य होतं. त्यामुळे डॉक्टर आणि दंतवैद्य त्याच्याकडे वळले.

तेल काढायचं काम मात्र रानातच चालायचं. तोडकरी दलदलीत उतरून हातानं फांद्या तोडत आणि तिथेच लाकडाच्या जाळावर भट्टी लावत. वाफ पाल्यातून जाताना तेल सोबत घेऊन निघते. ती थंड केली की पाणी खाली राहतं आणि तेल वर तरंगतं. शंभर किलो ओल्या पाल्यातून एक-दोन किलोच तेल हाती येतं. छाटलेल्या झाडाला बुंध्यातून पुन्हा धुमारे फुटतात, म्हणून तेच झाड पुन्हा पुन्हा पाला देतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर प्रतिजैविकं आली आणि या तेलाची मागणी ओसरली. १९७०च्या दशकात वनस्पतिजन्य औषधांकडे लोकांचं लक्ष पुन्हा गेलं, तेव्हा बंगावाल्बिनच्या परिसरात त्याची पद्धतशीर लागवड सुरू झाली. रानातली तोड मागे पडून शेतं आली, यंत्रं आली. त्याबरोबर शुद्धतेचा प्रश्नही आला, कारण याच जातीच्या काही झाडांच्या तेलात सिनिओल हा निलगिरीतला घटक फार असतो. या तेलात शंभरच्या आसपास घटक आहेत. त्यांतला मुख्य कामकरी टर्पिनेन-४-ऑल. तो जंतूच्या पेशीचं आवरण खिळखिळं करतो, आतला ऐवज झिरपू लागतो आणि जंतू मरतो. आंतरराष्ट्रीय मानकात म्हणूनच टर्पिनेन-४-ऑलचं किमान आणि सिनिओलचं कमाल प्रमाण ठरवून दिलं आहे.

त्वचेसाठी ते किती उपयोगी, याची नीट पारख १९९०मध्ये झाली. ऑस्ट्रेलियात मुरुमं असलेल्या १२४ जणांवर ५ टक्के टी ट्री तेलाचं जेल आणि ५ टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड यांची तुलना केली गेली. दोन्हींनी मुरुमं कमी झाली. तेलाचा गुण उशिरा आला, पण आग होणं, कातडी सुटणं असे त्रास कमी झाले. २००२मध्ये ५ टक्के तेलाच्या शाम्पूनं कोंडा ४१ टक्क्यांनी घटल्याचं आढळलं. नुसत्या शाम्पूनं तो ११ टक्केच घटला होता. पायाच्या बोटांतल्या चिखल्यांवर २५ आणि ५० टक्के द्रावणानं बऱ्याच जणांना आराम पडला, पण इतक्या तीव्र द्रावणानं काहींच्या कातडीला दाहही झाला.

निसर्गातून आलं म्हणून ते निर्धोक, ही समजूत इथे घातक ठरते. हे तेल पोटात गेलं तर विषबाधा होते. मुलांना गुंगी येते, त्यांचा तोल जातो. कुत्र्या-मांजरांनाही त्याची बाधा होते. उघड्या बाटलीत हवा आणि उजेड लागून तेल बिघडतं, आणि असं जुनं तेल लावल्यानं ॲलर्जी होण्याचा संभव वाढतो. म्हणून बाटली गडद काचेची हवी, झाकण घट्ट हवं. निखळ तेल चेहऱ्यावर चोळू नये. पातळ केलेलं तेलही आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक-दोन दिवस वाट पाहावी.

आज आपल्याकडच्या दुकानांत फेसवॉशपासून शाम्पूपर्यंत कितीतरी वस्तूंवर ‘टी ट्री’ ठळक छापलेलं असतं. बंडजालुंगांनी पाला ओळखला, पेनफोल्ड यांनी त्याची ताकद मोजली, नंतरच्या डॉक्टरांनी मात्रा ठरवली. या तिघांच्या कामाचं सार वेष्टनावरच्या एका आकड्यात येतं: तेल किती टक्के आहे. मुरुमांवर गुण आला तो ५ टक्क्यांच्या जेलनं. तो आकडाच छापलेला नसेल, तर वेष्टनावरच्या पानाच्या चित्रावर पैसे टाकू नयेत.