दुर्दिन

अमरकोशात 'दुर्दिन' या शब्दाचा अर्थ ढगांनी झाकलेला दिवस असा दिला आहे. हलाखीचा काळ हा मराठीत आज रुळलेला अर्थ. सूर्य न दिसणं आणि दिवस वाईट जाणं, या दोन्हींना एकच शब्द पुरला.

मात्र आपल्या मुलखातलं दुर्दिन आषाढ-श्रावणातलं. हुरहूर, विरह, खिडकीशी बसून राहणं हे सगळं आपल्या कवितेने पावसाच्या नावावर टाकलं आहे. चरकसंहितेतली ऋतुचर्याही तेच सांगते: पावसाळ्यात अग्नी मंद आणि बळ कमी, हेमंत-शिशिरात बळ सर्वांत जास्त. मराठीत थंडी 'गुलाबी' असते, तिच्यात हुरडा असतो, स्वच्छ निळं आभाळ असतं. पौष तेवढा भाकड, पण तो लग्नकार्याच्या हिशेबात. त्यामुळे हिवाळ्यात एखाद्याचं मन खचलं, तर ते ओळखायला आपल्याजवळ एकच शब्द उरतो: आळस.

माझे वडील १९७४ साली सांगलीहून फरीदाबादला आले, एका कारखान्यात फिटर म्हणून. ते डायरी लिहीत. साहित्यिक काही नाही. पाळी कुठली, भाजीचा भाव, कोणाला किती उसने दिले, गावाकडून पत्र आलं का. त्यांच्यामागे या डायऱ्या माझ्याकडे आल्या आणि मी त्या इतिहासाच्या विद्यार्थिनीच्या सवयीने, म्हणजे मजकुराआधी पानांचा आकार पाहत, चाळल्या. जुलैची पानं भरलेली. दिवाळीनंतर ओळी कमी होत जातात. डिसेंबरात कामावर जाऊन आल्याची एक ओळ, कधी तीही नाही. अकरांपैकी नऊ वर्षं हेच. घरात त्याला 'बाबांचा पौष लागला' म्हणत. ते कारखान्यातून येऊन जेवून झोपत, सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत झोपत, आणि गूळपोळ्या एरवीपेक्षा दुप्पट खात. आई चिडे. कारखान्यातल्या एका साहेबाने त्यांना सरळ कामचुकार ठरवलं आणि एक बढती गेली. फेब्रुवारीत तेच बाबा शेजाऱ्यांच्या सायकली फुकट दुरुस्त करत.

त्याच सुमारास दुसरा एक दक्षिणेकडचा माणूस उत्तरेला आला होता. नॉर्मन रोझेन्थल हा तरुण मनोविकारतज्ज्ञ १९७६ साली जोहान्सबर्गहून न्यूयॉर्कला पोचला. तिथल्या हिवाळ्यात आपला उत्साह ओसरतो आणि वसंतात परत येतो, हे त्याला स्वतःवरूनच जाणवलं. पुढे तो अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत गेला. आल्फ्रेड लुई आणि सहकाऱ्यांनी १९८० साली दाखवून दिलं होतं, की प्रखर प्रकाशाने माणसाच्या शरीरातलं मेलाटोनिन दबतं. घरातल्या साध्या दिव्याने तितकं दबत नाही. या संशोधकांकडे एक अभियंता आला. त्याने कित्येक वर्षं आपल्या मनाच्या चढउतारांच्या नोंदी वह्यांत ठेवल्या होत्या आणि दिवस लहान होण्याशी त्यांचा संबंध आहे असं त्याचं म्हणणं होतं. प्रखर दिव्यांसमोर बसवल्यावर तो सुधारला. १९८४ साली रोझेन्थल आणि सहकाऱ्यांनी २९ रुग्णांवरचा निबंध छापला आणि 'सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर' हे नाव रूढ झालं. या विकाराच्या इतिहासात मला सगळ्यात जवळची वाटते ती त्या अभियंत्याची वही.

आता एक अडचण. जोहान्सबर्ग दक्षिणेला २६ अंशांवर, फरीदाबाद उत्तरेला २८ अंशांवर. अक्षांशाचा हिशेब केला तर फरीदाबाद रोझेन्थलच्या गावासारखं, न्यूयॉर्कसारखं नव्हे. न्यूयॉर्कचा सर्वांत लहान दिवस सव्वानऊ तासांचा, आमचा सव्वादहाच्या थोडा वर, सांगलीचा अकराच्या थोडा वर. एवढ्याशा फरकाने कोणी आजारी पडू नये. पण अक्षांश म्हणजे प्रकाश नव्हे. इथे डिसेंबर-जानेवारीत धुकं उतरतं, त्यात धूर मिसळतो, आणि सूर्य दिसलाच तर चंद्रासारखा, टक लावून पाहता येईल असा. बाबा धुक्यात निघत, दिवस पत्र्याच्या शेडखाली ट्यूबलाइटमध्ये जाई, आणि डिसेंबरच्या सुरुवातीला इथे साडेपाचच्या आतच सूर्य मावळतो. ट्यूबलाइटच्या खोलीत काहीशे लक्स प्रकाश असतो. ढगाळ दिवशीही उघड्यावर त्याच्या कितीतरी पट. त्यांना ठाऊक नसताना त्यांचं अक्षांश बदललं होतं.

मग बाबांना हाच विकार होता का? तसं लिहून टाकायचा मोह होतो. पण मराठ्यांच्या इतिहासात फरीदाबादचं नाव येतं तेही हिवाळ्यातच, फेब्रुवारी १७५७ मध्ये, अंताजी माणकेश्वरांची अब्दालीच्या फौजेशी इथे गाठ पडली तेव्हा. आणि चार वर्षांनी, पौषातच, पानिपत. त्या दख्खनी माणसांना उत्तरेच्या धुक्यात काय वाटलं असेल यावर कोणी निदान ठोकू लागलं तर मी हसेन. तिथे उपासमार होती, थंडी होती, मरण होतं. मेलेल्या माणसाची नाडी कागदावर सापडत नाही. बाबांबद्दल एवढंच म्हणते: लागोपाठ दोन हिवाळ्यांत तीच खिन्नता, वाढलेली झोप, गोडाची आणि पिठूळ पदार्थांची ओढ, माणसांपासून दूर होणं, आणि वसंतात हे सगळं निघून जाणं, असं कोणी आज सांगितलं तर डॉक्टर थांबून ऐकतील. बाबांचं ऐकायला कोणी नव्हतं.

मला स्वतःला हे चाळिशीनंतर सुरू झालं. डायऱ्या वाचलेल्या होत्या म्हणून दुसऱ्याच हिवाळ्यात मी डॉक्टरांकडे गेले. सकाळी उठल्या उठल्या दहा हजार लक्सच्या दिव्यासमोर अर्धा तास बसते. दिव्याकडे टक लावायचं नाही, तो डोळ्यांसमोर नुसता असू द्यायचा. (हा दिवा आपल्या मनाने सुरू करू नये, ज्यांना उन्मादाचे झटके येतात त्यांना तो उलटू शकतो.) दुपारी गच्चीवर जाते, धुकं असलं तरी, हवा फारच वाईट असेल तर जात नाही. इथे ऊन आणि फुप्फुसं यांत निवड करावी लागते, हे नॉर्वेच्या पुस्तकांत लिहिलेलं नसतं. जगणंच नको वाटू लागलं तर दिव्याची वाट पाहायची नाही. सरकारची १४४१६ ही टेलिमानस सेवा रात्रीही फोन उचलते, आणि तो नंबर आमच्या फ्रिजवर चिकटवलेला आहे.

संक्रांतीबद्दल एक. खरं उत्तरायण २१-२२ डिसेंबरला होऊन गेलेलं असतं. संक्रांत तीन आठवडे मागून येते, म्हणून शिकलेले लोक तिला हसतात. पण इथला सर्वांत उशिराचा सूर्योदय डिसेंबरात नसतो, तो जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास असतो, सव्वासातच्या सुमारास. म्हणजे सकाळ खरोखर लवकर होऊ लागते ती तिळगुळानंतरच. पूर्वजांना मेलाटोनिन माहीत होतं असं मी अजिबात म्हणत नाही; तो दावा दिसला की मी पान उलटते. मात्र संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाच्या निमित्ताने आई रोज कोणाच्या तरी घरी जाई, आणि ती थंडीत बाबांइतकी कधीच मिटली नाही, हे मी पाहिलेलं आहे. रथसप्तमीला ती अंगणात सूर्याचा रथ काढून गोवऱ्यांवर दूध ऊतू घाली. फरीदाबादच्या धुक्यात गोवऱ्या पेटता पेटत नसत, आणि फुंकणी बाबांकडे असे.

डायरीतलं पहिलं भरलेलं पान बहुतेक वर्षी त्याच आठवड्यातलं आहे. १९८१ च्या पानावर दुधाचा भाव आहे, ओल्या गोवऱ्या विकणाऱ्याला दिलेल्या शिव्या आहेत, आणि शेजारच्या सरदारजींच्या सायकलचा मागचा ब्रेक बदलल्याची नोंद आहे.