जनुकाचा ब्रेक

लघवीच्या कल्चर रिपोर्टमध्ये 'ई. कोलाय' हे नाव तुम्ही वाचलं असेल. जनुकांचं नियंत्रण आपल्याला बरंचसं याच जिवाणूने शिकवलं.

१९६१ साली फ्रान्सच्या जाकोब आणि मोनो यांनी मांडलं, की जनुकाची आरएनए नक्कल निघायची की नाही, हे सुरुवातीलाच ठरतं. मग सुरू झालेली नक्कल थांबवतं कोण? १९६९ मध्ये जेफ्री रॉबर्ट्स यांना ते काम करणारं एक प्रथिन सापडलं: ऱ्हो.

खरी गंमत स्टॅनफर्डच्या चार्ल्स यानोफ्स्की यांनी दाखवली. ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल आपल्याला अन्नातूनच घ्यावं लागतं. हा जिवाणू ते स्वतः बनवतो. त्या जनुकांच्या आधीचा डीएनएचा छोटा तुकडा गळाला, तर उत्पादन चक्क वाढलं! म्हणजे तो तुकडा ब्रेक होता. नक्कल निघत असतानाच रायबोसोम ती मागून वाचत येतो. ट्रिप्टोफॅन कमी असेल तर तो वाटेत अडकतो आणि नक्कल पुढे चालू राहते. भरपूर असेल तर तो झरझर सरकतो, आरएनएला वेगळी घडी पडते आणि नक्कल तिथेच संपते. मेंदू नसलेल्या जीवाचा हा हिशेब!

टीबीच्या गोळ्यांतलं रिफाम्पिसिन जंतूचं नक्कल करणारं यंत्र सुरुवातीलाच अडवतं. टीबीचा जंतू ऱ्होवाचूनही जगत नाही. पण ऱ्होला बंद पाडणारं बायसायक्लोमायसिन त्याच्यावर चालत नाही.