वाईन क्लब: तुम्ही सभासद की नुसते गिऱ्हाईक?

मंडळी, आजचा विषय जरा वेगळा आहे. दारूबंदीवाल्यांनी लगेच भुवया उंचावू नयेत, कारण ही पोस्ट पिण्याबद्दल कमी आणि सहकाराबद्दल जास्त आहे.

लंडन, न्यू जर्सी, कॅलिफोर्नियाकडे राहणाऱ्या आपल्या लोकांना नाताळच्या सुमारास एक प्रश्न पडतो. साहेबाला काय द्यायचं? नवीन घर घेतलेल्या मित्राला काय द्यायचं? मग कुणीतरी सुचवतं, वाईन क्लबची मेंबरशिप दे. स्वतःसाठी घेणारेही असतात. दर दोन-तीन महिन्यांनी घरपोच खोकं येतं, बाटल्या क्लबवाले निवडतात, आपल्याला डोकं चालवावं लागत नाही. निवडताना लोक काय बघतात? किती बाटल्या, किती पैसे, लाल की पांढरी. एक प्रश्न मात्र सहसा कुणी विचारत नाही. हा जो क्लब आहे, त्याचा मालक कोण? आणि मी सभासद झालो म्हणजे नक्की काय झालो?

या प्रश्नाचं उत्तर दीडशे वर्षांपूर्वीच्या लंडनमध्ये आहे.

त्या काळच्या इंग्लंडमध्ये भेसळीने कहर केला होता. पिठात तुरटी, चहात भलताच पाला. 1850 च्या दशकात डॉ. आर्थर हिल हॅसल यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बाजारातला माल तपासून 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापले, तेव्हा बरीच खळबळ उडाली. त्याआधी 1844 साली रॉचडेल गावातल्या 28 जणांनी, त्यात बरेच विणकर होते, स्वतःचं दुकान काढलं होतं. माल शुद्ध, माप पूर्ण, आणि दुकानाचे मालक गिऱ्हाईकच. जगभरचे सहकारवाले आजही रॉचडेलचं नाव घेतात ते यासाठी.

गरिबांची ही युक्ती पुढे मध्यमवर्गाने उचलली. 1860 च्या दशकात लंडनच्या पोस्टातल्या कारकुनांनी वर्गणी काढून चहाची पेटी घाऊक भावात आणली आणि आपसांत वाटून घेतली. त्यातून सरकारी नोकरांची सहकारी दुकानं उभी राहिली. ते पाहून 1871 साली लष्कर आणि नौदलातले काही अधिकारी एकत्र आले. त्यांचं दुखणं काय होतं? वाईन महाग पडते! पेटीच्या पेटी घाऊक भावात घ्यावी म्हणून त्यांनी 'आर्मी अँड नेव्ही को-ऑपरेटिव्ह सोसायटी' काढली.

इथपर्यंत वाईन स्वस्त करण्याचं काम सरकारनेच केलं होतं. 1860 मध्ये अर्थमंत्री ग्लॅडस्टन यांनी फ्रान्सशी झालेल्या व्यापार कराराबरोबर वाईनवरची जकात मोठ्या प्रमाणात उतरवली. पाठोपाठ साध्या किराणा दुकानदारालाही परवाना घेऊन बाटली विकायची मुभा मिळाली. म्हणजे वाईन सरदारांच्या तळघरातून डॉक्टर-वकिलांच्या जेवणाच्या टेबलावर आली. पण या नव्या गिऱ्हाइकाला बाटलीत काय आहे ते कळत नव्हतं. व्यापारी सांगेल ते खरं.

आता 1874 मध्ये या. रॉयल अल्बर्ट हॉल उघडून तीन वर्षं झाली होती. 1871 पासून दरवर्षी त्या परिसरात आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरत होतं. 1874 चं प्रदर्शन शेवटचं ठरलं. त्यात पोर्तुगालच्या उत्पादकांनी वाईनची पिंपंच्या पिंपं पाठवली होती. ती ठेवली कुठे, तर अल्बर्ट हॉलच्या तळघरात. वर गर्दी, खाली पिंपं. कुणी फिरकलंच नाही. पोर्तुगीज उत्पादकांनी तक्रार केली की आमचा माल लोकांना दिसलासुद्धा नाही.

निस्तरायचं काम आलं मेजर जनरल हेन्री स्कॉट यांच्याकडे. हे गृहस्थ लष्करी इंजिनिअर, अल्बर्ट हॉल बांधणारे तेच. त्यांनी साधा उपाय काढला. लोकांना जेवायला बोलवायचं आणि जेवणाबरोबर ही वाईन द्यायची. जेवणावळी रंगल्या, वाईन आवडली, पिंपं खपली. मग चर्चा निघाली की हे असंच कायम का करू नये? आपणच मिळून चांगला माल थेट उत्पादकाकडून घेऊ आणि आपसांत विकू. स्कॉट यांच्याबरोबर ब्रुडनेल कार्टर नावाचे डोळ्यांचे सर्जन होते, आणखी काही मित्र होते. ऑगस्ट 1874 मध्ये संस्था नोंदवली गेली. नाव लांबलचक: 'इंटरनॅशनल एक्झिबिशन को-ऑपरेटिव्ह वाईन सोसायटी'. आज लोक नुसतं 'द वाईन सोसायटी' म्हणतात.

म्हणजे लंडनमध्ये तीन वर्षांच्या अंतराने वाईनसाठी दोन संस्था जन्मल्या. दोघींच्या नावात 'को-ऑपरेटिव्ह'. दोन्हींमागे साहेबवर्गातले, खाऊनपिऊन सुखी लोक. आता पुढे काय झालं ते बघा.

आर्मी अँड नेव्ही झपाट्याने वाढली. वाईनवरून किराणा, किराण्यावरून कपडे, तंबू, बंदुका, फर्निचर. हिंदुस्थानात नेमणूक झालेल्या गोऱ्या अधिकाऱ्याला लागणारी प्रत्येक वस्तू त्यांच्या जाडजूड कॅटलॉगमध्ये असायची. 1890 च्या दशकात मुंबईत शाखा आली. काळा घोड्याला महात्मा गांधी रोडवर 'आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग' अजून उभी आहे, तुमच्यापैकी अनेकजण तिच्यासमोरून गेले असाल. ही इमारत म्हणजे मुळात वाईनच्या पेट्या घाऊक भावात मिळाव्यात म्हणून निघालेल्या सोसायटीचं लांबवर पोचलेलं टोक!

पण या संस्थेत एक भानगड होती. शेअर घेणारा वेगळा आणि नुसतं तिकीट काढून खरेदी करणारा वेगळा. शेअरवाल्याला नफ्यात रस, तिकीटवाल्याला स्वस्त मालात. जिथे हे दोघे वेगळे असतात तिथे शेवटी कोण जिंकतं हे सांगायला नको. सहकार नावापुरता उरला. 1918 मध्ये दुकान सगळ्यांसाठी खुलं झालं, म्हणजे सभासदत्वाला काही अर्थच राहिला नाही. 1973 मध्ये हाऊस ऑफ फ्रेझर या कंपनीने ते विकत घेतलं. पुढे नावही गेलं.

वाईन सोसायटी मात्र आजही आहे. 1965 पासून तिचं बिऱ्हाड लंडनच्या उत्तरेला स्टीव्हनेज गावात आहे, आणि सभासद लाखाच्या वर आहेत. जादू काही नाही, नियम साधे आहेत. एका माणसाला एकच शेअर. शेअरवर लाभांश नाही. नफा उरला तर तो भाव कमी ठेवायला आणि संस्थेच्या कामाला वापरायचा. सभासद नसेल त्याला माल नाही. त्यामुळे 'शेअरवाला' आणि 'गिऱ्हाईक' ही दोन माणसं कधी झालीच नाहीत. संस्था विकून कुणाचाच फायदा नव्हता, म्हणून ती विकली गेली नाही.

शेअर एकदाच घ्यायचा, तोही आयुष्यभरासाठी. अलीकडच्या काळात त्याची किंमत 40 पौंडांच्या आसपास आहे. दरमहा खोकं घ्यायची सक्ती नाही, वर्षाची फी नाही. शेअर भेट देता येतो, आणि मृत्युपत्रात मुलांच्या नावावरही करता येतो. आजोबांचा शेअर नातीकडे आला, हे तिथे घडू शकतं. साखर कारखान्याचा शेअर वारसाहक्काने आलेल्या आपल्याकडच्या कुटुंबांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता दुसऱ्या तऱ्हेचा क्लब बघू, जो जास्त चालतो. त्याचं मूळ अमेरिकेत. तिथे 1926 मध्ये 'बुक ऑफ द मंथ क्लब' निघाला. दर महिन्याला तज्ज्ञांनी निवडलेलं पुस्तक घरी. 1972 मध्ये कॅलिफोर्नियात हीच कल्पना वाईनला लावली गेली. पुढे वायनरींनीही आपापले क्लब काढले. अडचण होती कायद्याची. दारूबंदी 1933 मध्ये उठली, पण दारूचे नियम राज्यांच्या हाती गेले, आणि अनेक राज्यांनी बाहेरच्या वायनरीला थेट ग्राहकाकडे माल पाठवायला मनाई केली. मे 2005 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 5 विरुद्ध 4 मतांनी निकाल दिला की आपल्या राज्यातल्या वायनरीला परवानगी आणि परराज्यातल्या वायनरीला बंदी, असा दुजाभाव चालणार नाही. त्यानंतर बरीच दारं उघडली. छोट्या वायनरीला मधल्या ठोक व्यापाऱ्याशिवाय विकता आलं. हा या क्लबांचा खरा फायदा आहे, तो नाकारू नये.

पण तिथे 'मेंबर' म्हणजे काय? ठरावीक काळाने माल घ्यायचं कबूल केलेलं गिऱ्हाईक. मत नाही, मालकी नाही. त्यात गैर काही नाही, फक्त शब्दाला भुलू नये.

तेव्हा स्वतःसाठी घेताना किंवा भेट देताना एवढं विचारा. बाटल्या कोण निवडतं, आणि नको असलेली बदलून मिळते का? बाहेर कधी आणि कसं पडता येतं? भेट असेल तर किती खोकी जाणार हे आधी ठरलेलं आहे, की आपल्या कार्डावरून पैसे कापले जातच राहणार? पाठवणावळ धरून बाटली कितीला पडते? अमेरिकेत खोकं घ्यायला 21 वर्षांवरचं माणूस सहीला घरी लागतं, भेट घेणारा दिवसा घरी असतो का? आणि सगळ्यात आधी, तो माणूस मुळात पितो का? न पिणाऱ्याच्या दारात दर तीन महिन्यांनी बाटल्या उतरवणं ही भेट नव्हे, छळ आहे. नातं लांबचं असेल तर दोन-तीन खोक्यांची भेट पुरे. जवळच्या, ब्रिटनमध्ये राहणाऱ्या, आवड असलेल्या माणसाला आयुष्यभराचा शेअर शोभतो.

महाराष्ट्रात असं काही का नाही? एक तर 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली पिण्याचा परवाना लागतो, त्यामुळे पोस्टाने भेट वगैरे सोपं नाही. पण मुद्दा त्याहून मोठा आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेत 1950 च्या सुमारास ऊस उत्पादकालाच कारखान्याचा मालक केलं. द्राक्षांच्या बाबतीत मात्र 2001 च्या राज्याच्या वाईन धोरणानंतर नाशिकला ज्या वायनरी उभ्या राहिल्या, त्या मुख्यतः खासगी. शेतकरी करारावर द्राक्षं देतो. जानेवारी 2022 मध्ये सुपरमार्केटात वाईन ठेवण्याचा निर्णय झाला तेव्हा राज्यभर वाद पेटला, पण तो वाईन म्हणजे दारू की नाही यावर. बाटलीच्या किमतीत बागाईतदाराचा हिस्सा किती आणि मालकीत किती, यावर फारसं कुणी बोललं नाही.

सहकार म्हटलं की खासगीला विकलेले कारखाने आठवून आपण नाक मुरडतो. ते चुकीचंही नाही. पण आर्मी अँड नेव्ही आणि वाईन सोसायटी, दोघींच्या नावात सहकार होता. टिकली ती, जिच्या पोटनियमात सभासद आणि गिऱ्हाईक वेगळे होऊ शकत नव्हते. नावापेक्षा पोटनियम वाचा. वाईन क्लबचे वाचा, आणि आपल्या गावच्या पतसंस्थेचे, दूध संघाचेसुद्धा वाचा.

तुमच्या घरात कुठल्या संस्थेचे शेअर आहेत? आणि त्या संस्थेच्या वार्षिक सभेला शेवटचं कधी गेला होतात? कमेंटमध्ये लिहा.