हिरव्या डोळ्याचं नाव कोणाचं?

१९३० च्या दशकात अमेरिकी रेडिओंमध्ये आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारी सोय रुळली आणि स्टेशन नेमकं लावणं अवघड होऊन बसलं. पूर्वी स्टेशन बरोबर लागलं की आवाज मोठा व्हायचा, कानाला तेवढी खूण पुरत असे. आता काटा जरा बाजूला असला तरी आवाज तेवढाच, फक्त फाटका. कानाचं काम डोळ्यांवर सोपवावं लागणार होतं.

न्यू जर्सीतल्या ॲलन ड्युमाँटने त्यावर तोड काढली. व्हॉल्व्हच्या टोकाशी लेप दिलेली छोटी वाटोळी चकती. तिच्यावर इलेक्ट्रॉन आदळले की हिरवा उजेड पडतो आणि त्यात पाचरीच्या आकाराची सावली दिसते. सिग्नल जोरकस होईल तशी सावली मिटत जाते. ड्युमाँटने हक्क आरसीए कंपनीला विकले आणि आपलं लक्ष ऑसिलोस्कोप आणि टेलिव्हिजनकडे वळवलं. १९३५ मध्ये आरसीएचा ‘६ई५’ बाजारात आला.

तांत्रिक भाषेत हा ‘ट्यूनिंग इंडिकेटर’. महामंदीतल्या गिऱ्हाइकाने असल्या नावाला खिसा मोकळा केला नसता. आरसीएच्या जाहिरातींनी त्याला ‘मॅजिक आय’ केलं. ‘मॅजिक ब्रेन’ आणि ‘मॅजिक व्हॉइस’ ही त्याच घरातली भावंडं. व्हॉल्व्ह इतरही बसवू लागले, पण प्रतिस्पर्ध्याचं नाव आपल्या जाहिरातीत कोण मिरवणार? मग कुणी ‘इलेक्ट्रिक आय’ लिहिलं, कुणी ‘ट्यूनिंग आय’. जनरल इलेक्ट्रिकने तर वेगळाच रस्ता धरला: स्टेशन लागताच लाल डायल हिरवी होणारा ‘कलोरामा’. कल्पना देखणी होती, पण टिकली नाही.

लोकांनी मात्र सगळ्यांनाच मॅजिक आय म्हटलं. जर्मनांनी ते थेट ‘मागिशेस आउगे’ करून घेतलं आणि सावलीचा आकार बदलला तेव्हा ‘मागिशर फेशर’, म्हणजे जादूचा पंखा, आणि ‘मागिशेस बांड’, म्हणजे जादूची पट्टी, अशी नवी नावं पाडली. टेपरेकॉर्डरवर ध्वनिमुद्रणाची पातळी दाखवायलाही हीच पट्टी लागली. भारतातही व्हॉल्व्हच्या रेडिओंवर हा डोळा असे. शॉर्टवेव्हवर रेडिओ सिलोन ऐकताना सिग्नल विरला की सावली रुंदावायची, परतला की मिटायची.

पुढे हेच ‘निक्सी’चं झालं. निऑनच्या नारिंगी उजेडात आकडे दाखवणाऱ्या या नळीला बरोज कंपनीने १९५५ मध्ये हे नाव दिलं आणि ते ट्रेडमार्क म्हणून सांभाळलं. म्हणून ब्रिटनमध्ये ‘डिजिट्रॉन’, ‘न्यूमिकेटर’ अशी नावं निघाली. आज हौशी मंडळी जुन्या सोव्हिएत नळ्यांची घड्याळं बनवतात आणि त्यांना निक्सी घड्याळंच म्हणतात.

आरसीए १९८६ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या, म्हणजे कलोरामावाल्यांच्याच, हाती गेली. चिनी बनावटीचा ‘६ई२’ व्हॉल्व्ह आज छोट्या ॲम्प्लिफायरांच्या दर्शनी भागात गाण्याच्या ठेक्यावर हिरवा नाचतो. विक्रेते त्याला मॅजिक आय म्हणूनच विकतात.